द्वारावरील परके : वेझलेचे रोमनेस्क चर्च आणि भारताची एक जुनी प्रतिमा

१

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांवर, वेझले नावाचे एक लहानसे गाव डोंगराच्या पाठीवर वसले आहे. वस्ती पाचशेच्याही आतली. गावातून जाणारा मुख्य रस्ता एकच. तो चढत चढत माथ्यावरच्या चर्चच्या दारात संपतो. खाली द्राक्षमळे, गव्हाची शेते आणि त्यांपलीकडे रानाची गडद किनार. या चर्चचे पूर्ण नाव सेंट मारी मादलेन, म्हणजे बायबलमधील मरीया मग्दालीया हिच्या नावाचे चर्च. युरोपातील रोमनेस्क शैलीच्या वास्तूंत त्याची गणना अग्रक्रमाने होते आणि १९७९ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

काही वर्षांपूर्वी, जून महिन्यातील एका सकाळी मी तेथे गेलो, तो केवळ एक प्रसिद्ध वास्तू पाहावी एवढ्याच हेतूने. मुखमंडपात शाळकरी मुलांचा एक गट होता. त्यांच्या शिक्षिका मुख्य द्वारावरील शिल्पपट दाखवीत होत्या. शिल्पपटाखालच्या आडव्या शिळेच्या उजव्या टोकाला एक कुटुंब कोरलेले आहे : पुरुष, स्त्री आणि मूल. त्यांचे कान शिंपल्यांसारखे मोठे, अंगावर पांघरता येतील एवढे आहेत. एका मुलाने विचारले, ही माणसे कुठे राहत? शिक्षिका म्हणाल्या, फार लांब, भारताकडे. माझ्या तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये मला एवढे नेमके कळले. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो.

त्यांचे उत्तर बरोबर होते का, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्यासोबत राहिला. त्याचा शोध घेताना जे हाती लागले ते प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. तो शोध बर्गंडीत सुरू होतो, परंतु तेथे संपत नाही. अनपेक्षितपणे तो महाभारताच्या सभापर्वापाशी, आणि तेथून आपल्या कोकणकिनाऱ्यापाशी येऊन पोहोचतो.

२

वेझलेच्या मठाची स्थापना नवव्या शतकाच्या मध्यास, इ. स. ८६०च्या सुमारास, जिरार द रूसियाँ या सरदाराने केली. आरंभी येथे विशेष असे काही नव्हते. अकराव्या शतकात मात्र मरीया मग्दालीयेच्या अस्थी या मठात आहेत असा बोलबाला झाला, आणि वेझलेचे भाग्य पालटले. येशूच्या पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार असलेली ही स्त्री मध्ययुगीन ख्रिस्ती मनाला पश्चात्तापाची आणि क्षमेची मूर्ती वाटे. तिच्या अस्थींच्या दर्शनासाठी लोक लोटू लागले. शिवाय स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला या महातीर्थाकडे जाणारा एक प्रमुख यात्रामार्ग येथूनच निघत असे. पंढरीच्या वाटेवरील गावांचे अर्थकारण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना वेझलेची भरभराट कशी झाली असेल हे वेगळे सांगावयास नको.

यात्रेकरूंच्या गर्दीला जुने चर्च अपुरे पडू लागले, तेव्हा मठाधिपती आर्तो याने १०९६च्या सुमारास नवे बांधकाम हाती घेतले. वेदीकडील भागाचे पवित्रीकरण ११०४ मध्ये झाले. मात्र मठाची कर-वसुली आसपासच्या रहिवाशांना असह्य झाली होती. ११०६ मध्ये उठाव होऊन आर्तोचा खून झाला. भव्य धर्मवास्तूंच्या इतिहासात ही बाजू सहसा तळटीपेत जाते. दगडांचा खर्च कोणी भरला, हा प्रश्न त्या काळच्या लोकांनी मात्र उघडपणे विचारला होता. पुढे ११५०च्या दशकातही गावातील व्यापारी-कारागिरांनी मठाविरुद्ध पुन्हा बंड केले.

जुलै ११२० मध्ये, मरीया मग्दालीयेच्या सणाच्या पूर्वसंध्येला, चर्चला आग लागली. यात्रेकरू मोठ्या संख्येने आत होते. मृतांचा आकडा तत्कालीन नोंदी हजाराच्या वर देतात. मध्ययुगीन आकडे सावधपणेच घ्यावेत, तथापि दुर्घटना भीषण होती यात संशय नाही. आज आपण पाहतो ते मध्यदालन या आगीनंतरचे, साधारणतः ११२० ते ११४० या दोन दशकांतील आहे. म्हणजे ज्या वास्तूचे सौंदर्य आपण न्याहाळतो, ती एका मोठ्या शोकानंतर उभी राहिलेली आहे.

३

‘रोमनेस्क’ हा शब्द या वास्तूच्या कर्त्यांना ठाऊक नव्हता. नॉर्मंडीतील पुराणवस्तू-संशोधक शार्ल द जेर्व्हिल याने १८१८ मध्ये, लॅटिनपासून निघालेल्या ‘रोमान्स’ भाषांच्या धर्तीवर, अकराव्या-बाराव्या शतकांतील वास्तूंसाठी ‘रोमान’ हे विशेषण सुचविले. लॅटिन मोडत जाऊन जशा नव्या भाषा झाल्या, तशी रोमन वास्तुकला मोडत-घडत जाऊन ही शैली झाली, असा त्याचा आशय. भाषेच्या अभ्यासकाला ही उपमा आवडावी अशीच आहे. संस्कृत-प्राकृतांपासून आपल्या भाषा घडत असताना आपल्याकडेही देवळांच्या प्रादेशिक शैली आकार घेत होत्या.

या शैलीची लक्षणे थोडक्यात अशी : अर्धवर्तुळाकार कमानी, जाड भिंती, भक्कम जुडीचे स्तंभ, दगडी छत आणि द्वारांवर व स्तंभशीर्षांवर एकवटलेले शिल्पकाम. वेझलेचे मध्यदालन सुमारे ६२ मीटर लांब आणि सुमारे १८ मीटर उंच आहे. त्याचे दहा खण असून दोन्ही बाजूंना पार्श्वदालने आहेत. त्या काळी बर्गंडीतील बहुतेक मोठ्या चर्चांचे छत अर्ध्या नळीसारखे सलग असे. वेझलेच्या स्थपतीने वेगळा मार्ग स्वीकारला. दोन अर्धनळ्या एकमेकींना काटकोनात छेदतील अशी छताची रचना त्याने प्रत्येक खणासाठी केली. त्यामुळे छताचा भार सलग भिंतीवर न पडता चार कोपऱ्यांवर उतरतो, आणि कोपऱ्यांमधली भिंत खिडक्यांसाठी मोकळी होते. दोन खणांमधील कमानी पांढऱ्या आणि तपकिरी दगडांच्या आलटून-पालटून बसविलेल्या तुकड्यांच्या आहेत. वेदीकडे पाहत उभे राहिले की या पट्टेदार कमानी एकामागून एक दूर जाताना दिसतात.

मराठी वाचकाला येथे कार्ल्याच्या चैत्यगृहाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही लांब दालन, दोन्ही बाजूंना स्तंभांच्या रांगा, त्यांपलीकडे अरुंद पार्श्ववीथी आणि टोकाला अर्धवर्तुळ आहे. या साम्यावरून प्रभावाचे निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. सामूहिक उपासनेची गरज सारखी असली की आराखडेही सारखे होतात. फरक अधिक बोलका आहे. कार्ले खडकातून कोरून काढलेले आहे; तेथील छत कोणावर टेकलेले नाही, ते डोंगराचाच भाग आहे. वेझलेचे छत एकेक दगड चढवून बांधलेले आहे, आणि त्यातील प्रत्येक दगड भिंतींना बाहेर ढकलत असतो. हा रेटा स्थपतीच्या अंदाजापेक्षा जास्त निघाला. भिंती बाहेर झुकल्या, कमानी किंचित चपट्या झाल्या आणि पुढे बाहेरून दगडी टेकू द्यावे लागले. आजही मध्यदालनात उभे राहून वर पाहिले तर हा झुकाव डोळ्यांना जाणवतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. उन्हाळी संक्रमणाच्या दिवसांत, सूर्य माथ्यावर येतो तेव्हा (आजच्या फ्रेंच घड्याळात पावणेदोनच्या सुमारास), दक्षिणेकडील उंच खिडक्यांतून येणारे कवडसे मध्यदालनाच्या बरोबर मध्यरेषेवर, दारापासून वेदीच्या दिशेने, ओळीने पडतात. मी गेलो ते दिवस तेच होते. त्या कवडशांवरून मुले एकेक उडी मारीत पुढे जात होती, आणि त्यांना कोणी अडवीत नव्हते.

४

वेझलेची खरी कीर्ती मात्र मुखमंडपातून मध्यदालनात जाणाऱ्या मुख्य द्वारावरील शिल्पपटामुळे आहे. त्याचा काळही साधारणतः ११२० नंतरचाच. द्वाराच्या मधल्या खांबावर बाप्तिस्मा करणारा योहान उभा आहे. त्यावर उत्तरांग, म्हणजे चौकटीची वरची आडवी शिळा, आणि तिच्यावर मोठे अर्धवर्तुळ. अर्धवर्तुळाच्या मध्यभागी ख्रिस्त बसलेला असून त्याच्या पसरलेल्या हातांतून निघालेले किरण दोन्ही बाजूंच्या प्रेषितांच्या मस्तकांपर्यंत पोहोचतात. ख्रिस्ताच्या वस्त्राच्या चुण्या वाऱ्यात भोवरे उठावेत तशा फिरतात. अभ्यासकांच्या मते येथे दोन प्रसंग एकत्र आले आहेत : पवित्र आत्म्याचे अवतरण, आणि ‘सर्व राष्ट्रांकडे जा’ या अर्थाची प्रेषितांना दिलेली आज्ञा. त्याभोवती आठ चौकटी आहेत आणि त्यांत जगातील निरनिराळे लोक. त्यांबाहेरच्या कमानीवर राशिचक्र आणि बारा महिन्यांची शेतकामे गोल पदकांत कोरली आहेत. म्हणजे सारा अवकाश, सारा काळ आणि सारी मानवजात या एका द्वारावर आणून बसविली आहे.

आपल्या विषयाशी संबंध आहे तो या ‘साऱ्या मानवजाती’चा. एका चौकटीत कुत्र्याचे तोंड असलेली माणसे आहेत. उत्तरांगावर डाव्या बाजूने धनुष्ये, मासे, बैल घेऊन चाललेले लोक दिसतात. उजव्या बाजूला शिडी लावून घोड्यावर चढू पाहणारा बुटका मनुष्य आहे आणि अगदी टोकाला ते मोठ्या कानांचे कुटुंब. ही शिल्पकाराची लहर नव्हे. या सर्व ‘जाती’ मध्ययुगीन युरोपच्या विद्येत नाव-गावासह नोंदलेल्या होत्या. सातव्या शतकातील सेव्हिलचा इसिडोर याचा व्युत्पत्तिकोश हा त्या विद्येचा मुख्य आधार. इसिडोर श्वानमुखांचा जन्म भारतात होतो असे सांगतो. बुटक्यांनाही भारतातील डोंगरांत ठेवतो. मोठ्या कानांचे लोक मात्र तो सिथियात, म्हणजे काळ्या समुद्रापलीकडील प्रदेशात, राहतात असे म्हणतो. या हिशेबाने त्या शिक्षिकेचे उत्तर श्वानमुखांच्या बाबतीत बरोबर आणि कानांच्या बाबतीत चूक ठरते. परंतु येथे थांबता येत नाही, कारण इसिडोरच्या पाठीमागे आणखी हजार वर्षांची परंपरा उभी आहे.

५

इराणच्या दरबारात वैद्य म्हणून राहिलेला ग्रीक लेखक क्टेसियस याने ख्रिस्तपूर्व पाचव्या-चौथ्या शतकांच्या संधिकाळात भारताविषयी एक ग्रंथ लिहिला. तो स्वतः भारतात आला नव्हता. श्वानमुख माणसे भारताच्या डोंगरांत राहतात हे वर्णन त्याच्याकडून पुढे गेले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेला मेगॅस्थेनीस याने ‘इंडिका’ लिहिली. तिचे जे अंश इतरांच्या ग्रंथांत उरले आहेत, त्यांत पायांपर्यंत पोहोचणारे कान असलेले आणि त्या कानांतच झोपणारे लोक येतात. भूगोलकार स्ट्रॅबो याने या हकिगतींबद्दल मेगॅस्थेनीसची टर उडविली आहे. परंतु हे आपल्याला तेथील तत्त्वज्ञांनी सांगितले, असा मेगॅस्थेनीसचा दावा होता. म्हणजे मोठ्या कानांची माणसे मुळात भारतातलीच. नंतरच्या लेखकांच्या हातून त्यांचा पत्ता बदलला.

मेगॅस्थेनीसला हे सांगणारे कोण असतील? १८४६ मध्ये ‘इंडिका’चे अंश संकलित करणारा जर्मन अभ्यासक श्वानबेक याच्यापासून पुढे अनेकांनी दाखवून दिले आहे की, या नवलकथांना संस्कृत साहित्यात प्रतिरूपे सापडतात. मोठ्या कानांच्या लोकांचे संस्कृत नाव तर ग्रीक नावाचा जणू अनुवादच : कर्णप्रावरण, कान हेच ज्यांचे पांघरूण आहे ते. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त देशविभाग सांगताना श्वमुख आणि एकपाद अशा लोकांची नावे खऱ्याखुऱ्या जनपदांच्या नावांबरोबर सहजपणे येतात.

या संदर्भात महाभारताचे सभापर्व विशेष लक्षणीय आहे. राजसूय यज्ञापूर्वी चार पांडव चार दिशा जिंकावयास निघतात. दक्षिणेकडे सहदेव जातो. त्याने जिंकलेल्यांच्या यादीत शूर्पारक आणि दंडक यांच्या पाठोपाठ सागरद्वीपांवरचे म्लेंच्छ राजे, निषाद, नरमांस खाणारे आणि कर्णप्रावरण येतात. शूर्पारक म्हणजे आपले वसईजवळचे नालासोपारे. दंडक म्हणजे दंडकारण्याचा मुलूख. महाभारतकारांच्या दृष्टीने सभ्य जगाची कड कोठे येत होती आणि नवलाचा प्रदेश कोठून सुरू होत होता, हे यावरून स्पष्ट होते. आज आपण ज्याला महाराष्ट्र म्हणतो, त्याच्या किनाऱ्यालगतच तो सुरू होत होता.

वेझलेच्या शिक्षिकेचे उत्तर म्हणूनच मला वाटले होते त्याहून अधिक बरोबर निघाले. किंबहुना, ते त्यांना ठाऊक होते त्याहूनही बरोबर होते. ‘भारताकडे’ या उत्तरात मी ज्या प्रदेशातून आलो, त्या प्रदेशाची सीमाही आली होती.

परंतु या प्रवासातून निघणारा निष्कर्ष सुखावह नाही. युरोपने भारताची विकृत प्रतिमा रंगविली, अशी तक्रार आपण करतो आणि तिच्यात तथ्यही आहे. मात्र या विशिष्ट प्रतिमेचे बीज आपल्याच विद्वानांच्या बोलण्यात असावे असे पुरावा सांगतो. गंगा-यमुनेच्या खोऱ्यातील पंडितांनी आपल्या सीमेवरच्या, रानावनांतल्या, समुद्रकाठच्या लोकांचे जे चित्र रंगविले, ते परदेशी वकिलाने लिहून घेतले. ग्रीकांकडून ते लॅटिनमध्ये गेले, आणि सुमारे चौदाशे वर्षांनी बर्गंडीच्या दगडात उमटले. तेथे पोहोचेपर्यंत सीमा सरकली होती. आता केवळ रानातले लोक नव्हे, तर सारा भारतच कडेला गेला होता; ते चित्र रंगविणारे पंडितही त्याच चौकटीत बसले होते. दुसऱ्याला कडेला ठेवणाऱ्याची स्वतःची जागा मध्यभागी कायम राहील याची हमी इतिहास देत नाही.

आणखी एक बाब नोंदविली पाहिजे. कर्णप्रावरण काल्पनिक होते. निषाद काल्पनिक नव्हते. एकाच श्लोकाच्या आसपास दोघांना बसविले की, खऱ्या माणसाचे माणूसपणही संशयास्पद होते. ख्रिस्ती परंपरेला या अडचणीची जाणीव होती. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन याने आपल्या ‘ईश्वरी नगर’ या ग्रंथात प्रश्न घेतला की, असे विचित्र लोक खरोखर असतील तर ते आदामाचे वंशज मानावयाचे की नाही? त्याचे उत्तर असे की, ते विवेक असलेले मर्त्य मानव असतील, तर रूप कसेही असो, ते आदामाचेच वंशज होत. वेझलेच्या उत्तरांगावर कानांच्या त्या कुटुंबाला जागा मिळाली ती या उत्तरामुळे. ते विचित्र आहेत, पण निमंत्रितही आहेत.

सभापर्वातील दृश्याशी याची तुलना करण्यासारखी आहे. राजसूयाहून परतलेला दुर्योधन धृतराष्ट्राला तेथील वैभव सांगतो, तेव्हा दोन डोळ्यांचे, तीन डोळ्यांचे, कपाळावर डोळा असलेले, एका पायाचे, दिशादिशांहून आलेले लोक तो वर्णितो. ते भेटी घेऊन आलेले आहेत आणि त्यांना दारावर अडविलेले आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीतही हे दृश्य आहे. दोन संस्कृती, दोन काळ, पण चित्र एकच : जगाच्या कडेची माणसे, हातात भेटी, आणि समोर द्वार.

६

वेझलेच्या द्वारातून या लोकांना खरोखरच आत घेतले गेले का? येथे इतिहास शिल्पाला उलटा प्रश्न विचारतो. अॅडॉल्फ काट्झेनेलेनबोगेन या कलेतिहासकाराने १९४४ मध्येच या शिल्पपटाचा संबंध पहिल्या क्रूसेडशी, म्हणजे जेरुसलेमसाठी झालेल्या ख्रिस्ती धर्मयुद्धाशी जोडला होता. त्याहून ठळक घटना पुढे घडली. ३१ मार्च ११४६ रोजी, ईस्टरच्या रविवारी, क्लेअरव्होचा मठाधिपती बर्नार्ड याने राजा सातवा लुई याच्या उपस्थितीत वेझले येथे दुसऱ्या क्रूसेडचे आवाहन केले. जमाव चर्चमध्ये मावण्याजोगा नव्हता, म्हणून सभा डोंगरउतारावर भरली. शपथ घेणाऱ्यांना देण्यासाठी आणलेले कापडी क्रूस संपले, तेव्हा बर्नार्डने स्वतःची वस्त्रे फाडून क्रूस दिले असे समकालीन वृत्तांत सांगतो.

याच बर्नार्डने सुमारे वीस वर्षांपूर्वी मठांच्या ओवऱ्यांतील विचित्र शिल्पांवर, अर्ध्या माणसांवर आणि अर्ध्या पशूंवर, कडक टीका केली होती. दगडातील राक्षस साधूंचे चित्त विचलित करतात, हा त्याचा आक्षेप. मात्र माणसांच्या मनातील परक्याचे राक्षसरूप त्याला तितके खटकले नाही. त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, ऱ्हाईनकाठी ज्यूंच्या कत्तली सुरू झाल्या तेव्हा त्या थांबविण्यासाठी तो स्वतः तेथे गेला. त्याचे क्रूसेड मात्र ११४८ मध्ये दमास्कसच्या वेढ्यात विफल झाले. ११९० मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप हे तिसऱ्या क्रूसेडसाठी निघाले, तेही वेझलेहूनच.

त्याच शतकात वेझलेशी संबंध असलेल्या दुसऱ्या एका साधूने वेगळा मार्ग धरला. आदरणीय पीटर या नावाने ओळखला जाणारा हा साधू वेझलेच्या मठात काही काळ होता आणि ११२२ मध्ये क्लुनीचा मठाधिपती झाला. त्याच्या पुढाकाराने कुराणाचा पहिला संपूर्ण लॅटिन अनुवाद ११४३ मध्ये पूर्ण झाला. त्याचा हेतू इस्लामचे खंडन करण्याचा होता, सहिष्णुतेचा नव्हे. तथापि खंडन करावयाचे तरी आधी वाचावे लागते, एवढे त्याने मान्य केले. ज्याची भाषा शिकावी लागते, त्याला केवळ श्वानमुख म्हणून सोडून देता येत नाही.

७

वेझलेचे वैभव ज्या अस्थींवर उभे होते, त्यांनीच त्याचा घात केला. १२६७ मध्ये नववा लुई येथे अस्थींच्या समारंभाला हजर होता. परंतु १२७९ मध्ये प्रोव्हान्स प्रांतातील सेंट मॅक्सिमँ येथे मरीया मग्दालीयेचा देह सापडल्याचे जाहीर झाले, आणि १२९५ मध्ये पोपने त्याला मान्यता दिली. यात्रा तिकडे वळली. १५६९ मध्ये धर्मकलहाच्या धामधुमीत प्रॉटेस्टंटांनी चर्च लुटले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात बाहेरच्या दर्शनी भागावरील शिल्पे फोडली गेली. आतला शिल्पपट मुखमंडपाच्या आडोशाला असल्यामुळे बऱ्याच अंशी वाचला. १८३४ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचा निरीक्षक म्हणून आलेला लेखक प्रॉस्पेर मेरिमे याला वास्तू कोसळण्याच्या बेतात दिसली. १८४० मध्ये वियोले-ल-द्यूक या अवघ्या सव्वीस वर्षांच्या स्थपतीवर जीर्णोद्धाराची जबाबदारी आली. ते काम १८५९ पर्यंत चालले. त्याने वास्तू वाचविली आणि काही ठिकाणी बदललीही. दर्शनी भागावरील आजचा शिल्पपट एकोणिसाव्या शतकातला आहे. आपल्याकडील जीर्णोद्धारांबाबत जो वाद आपण घालतो, तो वेझलेच्या निमित्ताने फ्रान्समध्ये आधीच होऊन गेला आहे.

चर्चकडे जाणाऱ्या त्याच एकमेव रस्त्यावर एक घर आहे. रोमाँ रोलाँ १९३८ पासून तेथे राहत होते, आणि ३० डिसेंबर १९४४ रोजी वेझले येथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे महात्मा गांधींवरील पुस्तक १९२४ मध्ये, रामकृष्ण परमहंसांवरील १९२९ मध्ये आणि स्वामी विवेकानंदांवरील १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. डिसेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांच्याकडे राहिले होते. रोलाँ भारतात कधीच आले नाहीत. क्टेसियसही आला नव्हता. दोघांनीही न पाहिलेल्या देशाविषयी लिहिले. एकाने ऐकीव नवलांची यादी केली. दुसऱ्याने माणसांची चरित्रे लिहिली. रोलाँच्या भारतदर्शनातही आदर्शीकरणाचा दोष काढता येईल. परंतु परक्याला नाव, आयुष्य आणि विचार असतो, हे त्यांनी गृहीत धरले होते, आणि मला तो फरक मूलभूत वाटतो.

रोलाँच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने, जुलै १९४६ मध्ये, बर्नार्डच्या आवाहनाला आठशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, वेझले येथे शांतियात्रा आली. युरोपच्या निरनिराळ्या भागांतून यात्रेकरूंनी चौदा जड लाकडी क्रूस खांद्यावर वाहून आणले. जवळच्या छावणीत जर्मन युद्धकैदी होते. त्यांनी आपल्यालाही सहभागी होऊ द्यावे अशी विनंती केली. ती मान्य झाली, आणि त्यांनी ओबडधोबड तुळयांचा पंधरावा क्रूस करून आणला. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यातून सुटून दोन वर्षेही झाली नव्हती. हे क्रूस आज पार्श्वदालनांच्या भिंतींना लावलेले आहेत. चर्चमधील सर्वांत कमी कारागिरीची वस्तू बहुधा हा पंधरावा क्रूसच असेल. पण आठशे वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या द्वाराचा अर्थ त्या दिवशी खरा झाला असे मला वाटते.

परत निघताना मी पुन्हा मुखमंडपात थांबलो. शाळेची मुले निघून गेली होती. कानांच्या कुटुंबातील पुरुष, स्त्री आणि मूल नेहमीच्याच जागी उभे होते. शिल्पकाराने त्यांना कुरूप केलेले नाही, हे तेव्हा प्रथमच लक्षात आले. आईबाप मुलाला घेऊन जसे कोणत्याही देवळाच्या दारात येतात, तसे ते आले आहेत. शूर्पारकाच्या पलीकडचे हे लोक आपल्या ग्रंथातल्या दारावर अडविलेले होते. येथे निदान उत्तरांगापर्यंत पोहोचले. त्यांना अडविणारे आपण होतो आणि त्यांच्यात मोजले गेलेलेही आपणच. आपल्या साहित्याचा इतिहास लिहिताना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवल्या पाहिजेत.